बेडोकमधली उतरण

सिंगापूरला जाऊन आलेल्या माणसाला लोक आधी तिथल्या स्वच्छतेबद्दल विचारतात. रस्ते स्वच्छ आहेत, इतके की तोंडात पान असलेल्या बाईची पंचाईत होते. बाकी उंच इमारती, रोषणाई, समुद्राकाठची बाग वगैरे तुम्हाला कुणी ना कुणी मोबाइलवर दाखवलेलीच असणार, त्यामुळे त्यात मी शिरत नाही. मी गेले होते वेगळ्याच कामाला, आणि ते काम ऐकून गावातल्या निम्म्या लोकांनी मला वेड्यात काढलं होतं.

आमचा पानमळा आहे, कृष्णाकाठी, मिरजेच्या अलीकडे. घराणं मुळातलं इथलं नाही. कुठल्याशा दुष्काळात माणदेशातून पाण्याच्या मागं चालत आलेली ही माणसं. देव अजून तिकडेच राहिलाय, घरात लग्न झालं की जोडपं तिकडे जाऊन पाया पडून येतं. मीसुद्धा पलूसहून लग्न होऊन इथं आलेली. आल्यावर सासूबाईंनी स्वयंपाकघर दाखवण्याआधी मळा दाखवला आणि चपला बाहेर काढायला लावल्या. पानमळ्यात चप्पल घालून जात नाहीत.

ज्यांनी पानमळा पाहिलेला नाही त्यांना थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पानाचा वेल शेवरीच्या किंवा शेवग्याच्या झाडावर चढवतात. वर्षभरात तो हात पोचणार नाही इतका वर जातो, खालचं खोड उघडं पडतं आणि पानं बारीक यायला लागतात. मग वर्षातून एकदा तो अख्खा वेल सोडवून खाली घ्यायचा, त्याचं वेटोळं करून बुंध्याशी मातीत पुरायचं, आणि शेंडा तेवढा बाहेर ठेवून पुन्हा झाडाला बांधायचा. पुरलेल्या भागाला नवी मुळं फुटतात आणि म्हातारा वेल परत तरणाबांड होतो. याला उतरण म्हणतात.

हे सगळेच करतात. पण आमच्या घरात आणखी एक रीत आहे. उतरणीच्या वेळी घरातलं जे माणूस लांब असेल, त्याच्या नावचा एक वेल उतरवायचा नाही. त्याला तांबडं फडकं बांधायचं आणि त्याचं पान तोडायचं नाही. माणूस परत आलं की त्याच्या समोर तो वेल उतरवायचा. बायका बाळंतपणाला माहेरी गेल्या, कुणी मुंबईला नोकरीला गेलं, की फडकी बांधली जायची आणि सुटायची. त्यातलं एक फडकं मात्र कधी सुटलंच नाही. ते तुका आजोबांचं.

तुका आजोबा म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आजोबांचे धाकटे भाऊ. मोठ्या लढाईत पलटणीबरोबर पूर्वेकडे गेले. लढाई संपली, बरोबरचे परत आले, हे आले नाहीत. गावच्या एका शिपायानं तेवढं सांगितलं, की तुका जिवंत आहे, सिंगापुरात रस्त्याकडेला पान विकताना मी त्याला पाहिलाय. पुढं काहीच कळलं नाही. त्यांच्या आईनं वेल तसाच ठेवला. तो वाळायला आला की त्याचाच शेंडा लावायचा, फडकं नवीन बांधायचं. तिनं हे सुनेला सांगितलं, तिनं तिच्या सुनेला, आणि सासूबाईंनी मला. या घराची ही आठवण सांभाळली ती सगळी बाहेरून आलेल्या बायकांनी, घरातल्या पुरुषांना विचाराल तर त्यांना वेल नेमका कुठला तेही सांगता येणार नाही.

आता ह्यांचे गुडघे गेलेत, शिडीवर चढायला माणूस मिळत नाही, आणि एकुलता एक मुलगा समीर सिंगापुरात बँकेत. यंदा मळा मोडून ऊस लावायचं ठरलं. मळा जायचं दुःख होतंच, पण मी ते गिळलं होतं. घशात अडकला होता तो तुका आजोबांचा वेल. ज्याच्या नावानं इतकी वर्षं राखला, त्याच्या कुणालाही न विचारता तो उपटून टाकायचा, हे काही केल्या मनाला पटेना.

"एवढ्या वर्षांनी कोण सापडणार हाय तुला?" हे म्हणाले.

"समीरकडे जायचंच आहे, तर शोधते."

"शोध. पण नाही सापडलं तर परत येऊन माझ्याशी भांडायचं नाही."

क्लेमेंटी

समीरचा फ्लॅट क्लेमेंटीला, बाराव्या मजल्यावर. खाली उतरलं की एमआरटीची मेट्रो, भाजी, दवाखाना सगळं हाताशी. शेजारच्या घरांतून मुलांना जेवायला बोलावणाऱ्या आया चारपाच भाषांत ओरडत असतात आणि मुलं सगळ्यांना एकाच भाषेत उत्तर देतात. आमची नात इरा त्यातलीच. मी तिला आमच्या वेलाची गोष्ट सांगितली, ती तिनं मनापासून ऐकली आणि म्हणाली, "आजी, सो लाँग अगो ऑलरेडी. हाऊ टु फाइंड, लाह?"

समीरचं म्हणणं तेच, फक्त मराठीत. "आई, इथं बरेच जण आडनाव लावतच नाहीत. बापाचं नाव लावलं की झालं. शोधायचं कसं?" तरी माझ्या समाधानासाठी त्यानं रविवारी ओळखीच्या मराठी मंडळींना जेवायला बोलावलं. सगळी गोड माणसं. कुणी श्रीखंड आणलं, कुणी अळूवडी. एका बाईंनी खास माझ्यासाठी मिरचीचा ठेचा आणला होता आणि तो इतका सौम्य होता की मी भाकरीबरोबर चटणी समजून वाटीभर खाल्ला. पण त्यांच्यात सर्वांत जुने तेही समीरच्या शाळेच्या दिवसांत आलेले. लढाईच्या वेळच्या माणसाबद्दल विचारलं तर ते माझ्याकडे आदरानं बघायचे आणि वाढून द्यायचे.

त्या दिवशी मी खरंच हिरमुसले. गॅलरीत उभी राहिले तर समोर तशीच इमारत, तिच्यामागं तशीच आणखी एक. या एवढ्या खिडक्यांतून तुका आजोबांचं माणूस हुडकायचं म्हणजे ह्यांचंच खरं होणार, असं वाटून गेलं.

सून शलाका मला तिथं चहा द्यायला आली. ती नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्याची, बोलायला कमी पण डोकं चालवणारी. ती म्हणाली, "आई, आपण माणूस शोधतोय. पान शोधू या का?"

मला एकदम पटलं. पानमळ्यातला माणूस जिथं जाईल तिथं वेल लावणार, त्याच्या हातांना दुसरं सुचणारच नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं. नुसतं पान खाण्यात आयुष्य गेलं माझं.

लिटिल इंडिया

शलाकाच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही लिटिल इंडियात गेलो. फुलवाल्यांच्या दुकानांत पानांच्या जुड्या असतात. मी एकेक पान मागून घेत होते आणि चावून बघत होते. पाचव्या दुकानाशी शलाका मला हळूच म्हणाली की आता तरी काहीतरी विकत घेऊ या. म्हणून गजरा घेतला.

तिथलं पान मोठं, काळपट हिरवं, चवीला झणझणीत. आमचं कपुरी पान पातळ, पिवळसर आणि मऊ असतं, शेवटी जिभेवर जरा गोड लागतं. झणझणीत पानांनी माझी जीभ बधिर झाली होती तेव्हा एका कोपऱ्यातल्या तमिळ फुलवाल्यानं, बहुधा माझ्यापासून सुटका करून घ्यायला, ओल्या फडक्याखालून एक लहानशी जुडी काढली. पानं पिवळसर होती. मी एक तोंडात घातलं आणि दुकानासमोर तशीच थांबले.

"काय झालं, आई?" शलाकानं विचारलं.

"हे आपलं आहे," मी म्हटलं.

फुलवाल्याला हिंदी येत होतं. तो म्हणाला, बेडोकहून एक म्हातारी आंटी कधीतरी आणून देते, पूजेला वापर म्हणते. तिचं नाव वेणी आंटी. ती राहते त्या इमारतीखाली रहिवाशांची बाग आहे, शेवग्याच्या झाडाखाली सकाळी भेटेल.

बेडोक

दुसऱ्या दिवशी शलाकानं रजा टाकली आणि सकाळीच आम्ही निघालो. बेडोक पूर्वेला, म्हणजे समीरच्या घरापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बागही सापडली. हिरव्या कुंपणात लहान लहान वाफे, प्रत्येकाचा मालक वेगळा. कुठं पालक, कुठं भेंडी, कुठं गवती चहा. चिनी आजोबा झारीनं पाणी घालत होते, त्यांनी मला पाहून मान हलवली. कोपऱ्यात शेवगा होता आणि शेवग्यावर वेल. कपुरीच, लांबूनही ओळखता येत होता.

आंटी आली नव्हती. शलाका समोरच्या हॉकर सेंटरमधून, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांतून, माझ्यासाठी इडली आणि स्वतःसाठी कॉफी आणायला गेली. सकाळची रांग लांब होती. मी चपला वाफ्याबाहेर काढल्या आणि आत गेले.

आता त्या वेलाची अवस्था तुम्ही पाहायला हवी होती. शेवग्याच्या टोकापर्यंत चढून परत खाली लोंबत होता. कमरेपर्यंत नुसतं उघडं खोड. शेंड्याची पानं कानातल्या डुलाएवढी. मला वाटलं, म्हातारं माणूस आहे, हात पोचत नसेल, मदतीला कुणी नसेल. जीव तुटला माझा. घरचा वेल तांबड्या फडक्यावरून ओळखायची सवय, इथं फडकं नव्हतं, त्यामुळे दुसरी काही शंका डोक्यात आलीच नाही. शेजारच्या वाफ्यात एक स्टूल होतं आणि कुदळीसारखं छोटं अवजार होतं. आपल्याकडे आजारी माणसाच्या घरी गेलं की बाई पदर खोचून भांडी घासायला बसते, त्यात विचारायचं काय असतं? मी पदर खोचला.

शलाका परत आली तेव्हा वेल खाली आला होता, वेटोळं मातीत गेलं होतं, आणि शेजारच्या केळीचं वाळकं सोपट फाडून मी शेंडा बांधत होते. वरची पानं खुडून बाजूला ठेवली होती. शलाकाच्या हातातली कॉफी हिंदकळली.

"आई, हे काय केलंत? इथं दुसऱ्याच्या वाफ्याला कुणी हात लावत नाही."

"अगं, बघ तरी किती छान झालाय."

तेवढ्यात ती आली. बारीक चणीची, पांढऱ्या केसांची, फुलाफुलांचा झगा, हातात पाण्याचा कॅन. कुंपणाशी माझ्या चपला पडल्या होत्या, त्यांच्याकडे तिनं जरा वेळ बघितलं. मग शेजारी आपल्या काढल्या आणि अनवाणी आत आली. शेवग्यावर वेल नाही हे दिसलं आणि कॅन तिच्या हातातून पडला.

"हू आस्क यू टु टच? हू आस्क यू?" तिचा आवाज चिरका झाला. पुढचं ती इतकं भराभर बोलली की शलाकालाही सगळं सांगता येईना. एवढं कळलं की माझ्या जन्मापासून या वेलाला कुणी हात लावलेला नाही, माझ्या भावानं लहानपणी एक पान तोडलं तर अप्पांनी त्याला फोडून काढलं होतं, आणि तू कोण कुठली येऊन हे केलंस. चिनी आजोबा झारी घेऊन जवळ येऊन उभे राहिले. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. माझ्या मळ्यात येऊन कुणी तुका आजोबांचा वेल उतरवला असता तर मी त्याला जिवंत सोडलं नसतं.

आणि हे मनात आलं तेव्हाच माझ्या अंगावर काटा आला.

ती बोलता बोलता खाली वाकली होती. तिनं वेटोळ्यावरची माती हातानं बाजूला केली, वळसे चाचपले, सोपटाची गाठ बघितली. मग उपड्या बादलीवर बसली आणि एक शब्द म्हणाली. तमिळ नव्हता, इंग्रजी नव्हता.

"उतरण."

शलाकानं विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? ती म्हणाली, अप्पांनी. वरती घरासमोर माझे टबमधले वेल आहेत, ते मी दरवर्षी उतरवते. हा नाही. हा अप्पांच्या घरच्यांचा. त्यांच्या घरचं कुणी येईल आणि ते उतरवेल, असं ते म्हणायचे. कोण येतंय, आम्ही हसायचो. कंपाँगमधलं, म्हणजे जुन्या वस्तीतलं, घर गेलं, इथं फ्लॅट मिळाला, तेव्हा त्याचा शेंडा तेवढा आणून इथं लावला.

"अप्पांचं नाव?" मी विचारलं. ते भाषांतर करावं लागलं नाही.

"तुकाराम. सोल्जर. आफ्टर वॉर सेल सिरे." तिथं पानाला सिरे म्हणतात. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "माय नेम कृष्णवेणी. रिव्हर नेम. हिज रिव्हर."

मी रडले. मातीच्या हातांनी डोळे पुसले त्यामुळे आणखी रडले. मग नातं लक्षात आलं. तुका आजोबांची मुलगी म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या, म्हणजे माझी आतेसासू. ज्या बाईचा वेल न विचारता उपसला ती नेमकी सासू निघावी, हे माझं नशीब. मी वाकून तिच्या पाया पडले. ती दचकून "अय्यो, अय्यो" करत मागं सरकली आणि पाण्याच्या कॅनवर आपटता आपटता चिनी आजोबांनी तिला धरलं. त्यांनाही काय चाललंय ते समजावून सांगावं लागलं, आणि समजल्यावर ते आपल्या वाफ्यातून एक काकडी घेऊन आले आणि ती माझ्या हातात दिली.

खुडलेल्या पानांतलं एक मी आत्याबाईंना दिलं. त्या वेलाचं पान त्यांनी कधी चाखलं नव्हतं. त्यांनी ते हळूहळू चावलं आणि म्हणाल्या, "सेम लाइक अपस्टेअर्स." मग हसायला लागल्या. मीही हसले. आपल्याकडच्या वेलाचं पानही बाकीच्यांसारखंच लागत असणार, पण ते बघायची हिंमत कुणी केली नव्हती.

नववा मजला

समीर ऑफिसातून निघून, इराला शाळेतून घेऊन थेट बेडोकला आला. तोवर मी आणि आत्याबाई एकमेकींचं न समजता खूप बोललो होतो, अधूनमधून शलाका पूल बांधत होती. त्यांनी नारळाच्या रसातला भात केला होता, बरोबर शेंगदाणे आणि तिखट चटणी. ही चटणी खरी तिखट होती, आमच्या तोंडची. अप्पांना असंच लागायचं म्हणाल्या.

ते परत का आले नाहीत, हे मी विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, आधी पैसे नव्हते. मग अम्मा भेटली, त्यांच्या टपरीसमोर फुलं विकायची. मग आम्ही झालो. आणि मग, इतकी वर्षं गेल्यावर, त्यांना लाज वाटायला लागली. एक ओळखीचा खलाशी मुंबईहून यायचा, त्याच्याकडून त्यांनी वेलाचे तुकडे मागवले, ओल्या काथ्यात गुंडाळून. ते लावले त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत, असं अम्मा सांगायची. आत्याबाईंनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं आणि समीरच्या ताटात आणखी भात घातला.

जेवण झाल्यावर त्या आम्हाला घरासमोरच्या व्हरांड्यात घेऊन गेल्या. टबमध्ये वेल लावलेले, सगळे नुकते उतरवलेले, केळीच्या सोपटानं बांधलेले. एक मात्र कपडे वाळत घालायच्या काठीवरून पार पुढं गेला होता.

"हा राहिला वाटतं," समीर म्हणाला.

"कॅनॉट टच," आत्याबाई म्हणाल्या. "दॅट वन माय सन. ही इन पर्थ."

समीर त्या वेलाकडे बघत राहिला. परतताना एमआरटीत इराला मांडीवर झोपवून तो माझ्याशेजारी बसला होता. तो म्हणाला, "आई, आपल्या मळ्यात माझाही आहे का गं?"

"आहे."

"कधीपासून?"

"तू गेलास तेव्हापासून. उतरणीच्या दिवसांत तुला कधी रजा मिळाली नाही."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगून आणायचं असतं का कुणाला?" मी म्हटलं. खरं तर मला भीती वाटायची, की तो हसेल. तो हसला नाही. इराचे पाय सरळ करून तिची चप्पल त्यानं नीट घातली.

घरी

निघायच्या आदल्या दिवशी आत्याबाईंना ह्यांच्याशी फोनवर बोलायला लावलं. हे कॅमेऱ्यासमोर टोपी नीट करून बसले होते. दोघांनाही एकमेकांची भाषा येईना, तेव्हा ह्यांनी फोन उचलून मळा दाखवला आणि आत्याबाईंनी व्हरांड्यातले टब. तांबडं फडकं बांधलेला वेल दिसल्यावर आत्याबाईंनी फोन तोंडाजवळ नेला आणि शलाकाकरवी मला बजावलं, "माझा वेल तू न विचारता उतरवलास. तिथला मी उतरवणार. एक पानसुद्धा तोडू नका."

मी घरी आले तेव्हा ऊस लावणारा ट्रॅक्टरवाला येऊन गेला होता. ह्यांनी त्याला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. मी हातपाय न धुताच मळ्यात गेले. दोन्ही फडकी जागेवर होती.

मागच्या आठवड्यात समीरचा फोन आला. आत्याबाईंचा व्हिसा झालाय, तिकिटं काढलीत, उतरणीच्या आधी सगळे येतोय, इरा आणि शलाकासुद्धा. रजा कशी मिळाली म्हणून मी विचारलं तर म्हणाला, मागितली. तो पुढच्या वर्षाचंही काहीतरी बोलायला लागला होता, मळा कमी करून थोडा राखता येईल का, माणसं लावता येतील का. मी फोन स्पीकरवर टाकला होता. हे बाजूला गुडघ्याला तेल चोळत बसले होते आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत होते.

फोन ठेवल्यावर त्यांनी तेलाची बाटली बंद केली, काठी घेतली आणि उठले.

"कुठं निघालात या गुडघ्यांनी?" मी विचारलं.

"शेजारी," ते म्हणाले. "शिडी मागून ठेवतो. यंदा दोन लागतील."